सिम्युलेटरमध्ये चालतं, ब्रेडबोर्डवर नाही: मग असेंब्ली सोडायची का?

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ऐरोलीला राहता, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरची (एका चिपमधल्या छोट्या कॉम्प्युटरची) असेंब्ली, म्हणजे चिपच्या सूचना एकेक करून लिहायची भाषा, कॉलेजात झाली, कील या सॉफ्टवेअरच्या सिम्युलेटरमध्ये सगळे प्रोग्रॅम बिनबोभाट चालतात. तेच एटी८९एस५२ या ८०५१ जातीच्या चिपमध्ये बर्न करून (उतरवून) ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर, लावले की मात्र तीन तक्रारी. एलईडी जेमतेम मिणमिणतो. एलसीडीच्या वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन येतात. आणि सर्किट लहर लागेल तेव्हा चालतं, कधी तर चिपच्या आसपास बोट लावल्यावरच चालतं. क्लासवाले म्हणतात असेंब्ली सोडा, सी भाषा आणि आर्डुइनोचा तयार बोर्ड धरा. म्हणून तुमचा प्रश्न: असेंब्लीत वेळ घालवावा का, आणि मोठं ट्रेनर किट (सगळं आधीच जोडलेला शिकण्याचा बोर्ड) घ्यावं का?

रबाळ्याच्या एमआयडीसीत कंट्रोलर कार्डं बनवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूने येईल. पहिली गोष्ट, तुमच्या तीन तक्रारींपैकी एकही असेंब्लीची नाही. हेच प्रोग्रॅम तुम्ही सीमध्ये लिहिले असते तरी एलईडी तसाच मिणमिणला असता आणि चौकोन तसेच दिसले असते. असेंब्ली की सी हा वाद सध्या बाजूला ठेवा. खरी अडचण अशी की तुम्हाला प्रोग्रॅम लिहिता येतो, पण तो पिनपर्यंत पोचल्यावर पुढे विजेचं काय होतं ते कोणी दाखवलेलं नाही. सिम्युलेटरमध्ये पोर्ट, म्हणजे चिपच्या आठ पिनांचा गट, नुसते आठ चौकोन दिसतो, टिक आली की वन. त्या वनमध्ये किती दम आहे हे तो चौकोन सांगत नाही.

एलईडीपासून सुरू करू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमचा एलईडी पोर्ट १च्या पिनवरून रेझिस्टर घेऊन ग्राउंडला गेलाय. म्हणजे पिन हाय झाली की तिने करंट द्यावा अशी अपेक्षा. ८०५१च्या पोर्ट १, २ आणि ३ला आतून पुल-अप (पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारी जोडणी) असतो, पण तो फारच अशक्त. एटी८९एस५२च्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) बघा: ६० मायक्रोअँपिअर ओढले की पिनवर २.४ व्होल्टचीच हमी उरते. एवढ्यात एलईडी मिणमिणणारच. उलट लो असताना हीच पिन १० मिलिअँपिअरपर्यंत आत घेऊ शकते. म्हणून एलईडी ५ व्होल्टवरून रेझिस्टर घेऊन पिनवर आणायचा आणि पेटवायला पिनवर झिरो द्यायचा. आता याच्या खालची ओळही वाचा, कारण ती सहसा कोणी वाचत नाही: पोर्ट १च्या आठही पिना मिळून मर्यादा १५ मिलिअँपिअर आहे. पुस्तकातल्यासारखे आठ एलईडी ३३० ओहमवर लावून सगळे एकदम पेटवलेत तर मर्यादा कधीच ओलांडलेली असते. २.२ किलोओहम लावा. दर एलईडीला सव्वा मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो, आणि आजकालचे एलईडी तेवढ्यावर छान दिसतात.

बोट लावल्यावर चालणारं सर्किट. फोटोत पिन ३१ मोकळी आहे. तीच ईए. व्हायव्हात विचारलं तर सगळे धडाधड सांगतात की ही एक्स्टर्नल अॅक्सेसची पिन, आणि ब्रेडबोर्डवर तीच मोकळी सोडतात. ती लो असेल तर चिप आपल्या आतल्या फ्लॅशमधला प्रोग्रॅम न चालवता बाहेर जोडलेली मेमरी शोधायला जाते. मोकळी सोडली तर हवेतल्या विजेच्या गोंगाटावर (नॉइजवर), तुमच्या बोटावर, दमट हवेवर तिचा कौल ठरतो. थेट ५ व्होल्टला जोडा. तसंच पिन ४० आणि २०च्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर टाका. तोही फोटोत दिसत नाही.

एलसीडीच्या काळ्या चौकोनांना घाबरू नका, ती अर्धी चांगली बातमी आहे. डिस्प्लेला सप्लाय मिळतोय, कॉन्ट्रास्टचा पॉट ठीक आहे, फक्त इनिशियलायझेशन (सुरुवातीच्या तयारीच्या कमांड) पोचलेलं नाही. तुमच्या एलसीडीची पिन ५, म्हणजे आरडब्ल्यू (वाचायचं की लिहायचं ते ठरवणारी), कुठेच जोडलेली नाही. 'मला वाचायचं नाहीच, मग ती कशाला जोडू' असा विचार केला असावा. पण एलसीडीतल्या एचडी४४७८० जातीच्या कंट्रोलरमध्ये आरडब्ल्यू, आरएस आणि डेटाच्या आठ पिना यांना आतून पुल-अप असतो. मोकळी आरडब्ल्यू म्हणजे हाय आरडब्ल्यू, म्हणजे रीड. तुम्ही कितीही लिहा, तो ऐकत नाही. पिन ५ ग्राउंड करा.

डेटाच्या तारा पिन ३२ ते ३९वर, म्हणजे पोर्ट ०वर आहेत. हा पोर्ट ओपन ड्रेन: त्याला झिरो देता येतो, वन द्यायला बाहेरून पुल-अप लागतो. एलसीडीच्या डेटा पिनांना आतला हलका पुल-अप असल्यामुळे काहींचं त्यावर भागतं आणि मग 'माझं तर चालतं' असे सल्ले मिळतात. पण एलसीडीच्या ई पिनला (जिच्या ठोक्यावर तो डेटा उचलतो) आतून पुल-अप नसतो. उद्या ई पोर्ट ०वर हलवलीत की तीच चालणारी जोडणी बंद पडेल. १० किलोओहमची नऊ पायांची रेझिस्टर पट्टी मिळते, ती पोर्ट ०ला लावून टाका आणि हा विषय कायमचा संपवा.

आता वेळ. सप्लाय साडेचार व्होल्टवर पोचल्यापासून निदान १५ मिलिसेकंद थांबावं लागतं, क्लिअरच्या कमांडला दीड मिलिसेकंद लागतो, बाकीच्या कमांडना साधारण ४० मायक्रोसेकंद. सिम्युलेटरमध्ये ताटकळायला नको म्हणून मुलं डिले (फेऱ्या मोजत थांबायचे वेळ) छोटे करून ठेवतात आणि बर्न करताना परत वाढवायचं विसरतात. तुमच्या कोडमध्ये डिलेचा आतला आकडा ५ आहे, म्हणून शंका येते.

एवढं केलंत की तिन्ही तक्रारी जातील असं मला वाटतं. आता मूळ प्रश्न, असेंब्ली शिकावी का. हे तुम्हाला पुढे कुठे जायचंय त्यावर आहे, आणि ते मी ठरवू शकत नाही. मोबाइलवर आकडे दाखवणारी उपकरणं बनवायची असतील तर सी, वायफायचे मॉड्यूल आणि थोडं नेटवर्क यांत वेळ घाला, असेंब्लीचा पेपर निघाला तरी पुरे. मशीनच्या कार्डांवर, फर्मवेअरमध्ये किंवा सर्व्हिसिंगमध्ये यायचं असेल तर मात्र एक सेमिस्टर असेंब्लीला मनापासून द्या. ८०५१च्या एकूण १११ सूचना आहेत, रोजच्या कामाला त्यातल्या पंचवीस-तीसच लागतात. पाठांतर हे कठीण काम नाहीच. असेंब्लीतून हाती लागतो तो वेळेचा हिशेब: प्रत्येक ओळ किती मायक्रोसेकंद खाते हे बोटावर सांगता येणं. सी तो हिशेब झाकून ठेवते.

हे कसं ते एका एलईडीवर दाखवतो. तुमच्याकडे ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे चिपला ठोके देणारा भाग, आहे. एटी८९एस५२ एका मशीन सायकलला १२ ठोके घेतो, म्हणजे एक सायकल १.०८५ मायक्रोसेकंदाची. डिले म्हणजे फेरीच्या आत फेरी; त्यात बाहेरचा आकडा २०० आणि आतला २५० घ्या. आतला 'डीजेएनझेड' (एक कमी कर, शून्य नसेल तर परत फेरी) दर फेरीला दोन सायकल, म्हणजे ५००. त्यात आकडा भरायच्या 'मूव्ह'ची एक आणि बाहेरच्या 'डीजेएनझेड'च्या दोन, एकूण ५०३. गुणिले २००, म्हणजे १,००,६०० सायकल, साधारण १०९ मिलिसेकंद. हा डिले पाच वेळा कॉल करा, मग एलईडीची पिन उलटवा, परत तेच. एलईडी एकदा पेटून विझून परत पेटायला सुमारे १.०९ सेकंद लागतील. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि एक मिनिट मोजा: ५५ लुकलुकी यायला हव्यात.

६० आल्या तर प्रोग्रॅम बघत बसू नका, क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झचा आहे. दुकानात पुडी बदलते, आणि क्रिस्टलवरचा बारीक छाप कोणी वाचत नाही. ११०च्या आसपास, म्हणजे दुप्पट वेगाने लुकलुकला, तर तुम्हाला दिलेली चिप एटी८९ नसून सहा ठोक्यांत सायकल संपवणारी दुसरी जात असू शकते. एसटीसीच्या ८९सी५२मध्ये तशी सोय आहे, आणि ती यूएसबीएएसपीने (यूएसबीवरून बर्न करायच्या छोट्या प्रोग्रॅमरने) बर्न होत नाही, सीरियलवरून होते. काहीच्या बाही आकडा आला तर स्वतःचा हिशेब तपासा. एक रुपयाच्या एलईडीने चिप, क्रिस्टल आणि तुमची समज, तिघांची परीक्षा होते. मी कामावर नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच करायला लावतो, आणि ऑसिलोस्कोपला हात लावू देत नाही.

याचा उपयोग लगेच पुढच्या धड्यात येतो. सीरियल पोर्टला ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) हवा म्हणून सगळे टायमरच्या टीएच१ या रजिस्टरमध्ये एफडी हेक्स भरतात. ११.०५९२वर तो बरोब्बर ९६०० येतो, त्या विचित्र आकड्याच्या क्रिस्टलचं प्रयोजनच ते. १२ मेगाहर्ट्झवर तोच एफडी १०,४१६ देतो, म्हणजे साडेआठ टक्के चूक, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर कचरा दिसतो. ज्याने एलईडी मोजलाय तो कचरा बघून दोन मिनिटांत क्रिस्टलपाशी येतो. ज्याने मोजला नाही तो केबल बदलतो, मग ड्रायव्हर, मग लॅपटॉप.

असेंब्लीचं दुसरं देणं म्हणजे इंटरप्टची (चालू काम थांबवून मध्येच धावणाऱ्या रूटीनची) शिस्त, आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण कार्डं इथेच रडतात. समजा मेन प्रोग्रॅममध्ये 'सीजेएनई'ने काउंट आणि सेट व्हॅल्यूची तुलना केली. या सूचनेचा निकाल कॅरी नावाच्या एका बिटमध्ये जातो. पुढची ओळ 'जेसी', कॅरी बघून उडी. आता नेमक्या या दोन ओळींच्या मध्ये टायमरचा इंटरप्ट आला आणि त्याच्या रूटीनमध्ये कुठेतरी 'अॅड' आहे. कॅरी बदलला. रूटीन संपून परत आल्यावर 'जेसी' भलत्याच कॅरीवर उडी मारतो. हे दिवसात हजारो वेळा घडत नाही, एखाद्या वेळेसच घडतं, म्हणून टेबलावर टेस्ट करताना सापडत नाही. पॅकिंग मशीनवर मात्र संध्याकाळपर्यंत एका पाकिटात एक नग जास्त जातो आणि सुपरवायझर ऑपरेटरला बोल लावतो. उपाय दोन ओळींचा: रूटीनच्या सुरुवातीला पीएसडब्ल्यू (कॅरी जिथे असतो ते रजिस्टर) आणि अॅक्युम्युलेटर (गणिताचं रजिस्टर) पुश करा, म्हणजे स्टॅकवर जपून ठेवा, शेवटी उलट्या क्रमाने पॉप करा, आणि परत येताना साधं 'रेट' नाही तर इंटरप्टसाठीचं 'रेटआय'. सीमध्ये हे काम कंपायलर करतो. पण तो ते का करतो हे ठाऊक असलेला माणूस असा दोष आला की कुठे बघायचं ते जाणतो.

त्याला लागूनच स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅक कुठवर भरलाय ते दाखवणारं रजिस्टर. रिसेटनंतर तो ०७ हेक्सवर असतो, म्हणजे पहिलंच पुश ०८वर, जिथे रजिस्टर बँक १चा आर० बसतो. बँक १ वापरणार असाल तर पहिल्या ओळीतच स्टॅक वर हलवा. कॉलेजच्या जर्नलमधले प्रोग्रॅम छोटे असतात म्हणून हे तिथे कधी चावत नाही.

इंटरफेसिंगमध्ये पुढे रिले (कॉइलने ओढला जाणारा स्विच) येईल. रिसेट होताना ८०५१चे सगळे पोर्ट हाय होतात. पिनवरून सरळ यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप आणि त्यावर रिले असं लावलंत, तर सप्लाय देताक्षणी, तुमचा प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच, रिले खटकन ओढला जाऊ शकतो. टेबलावर गंमत वाटते, पण त्या रिलेवर प्रेसचा क्लच असेल तर समोरच्याचा हात जातो. म्हणून आउटपुट लो झाल्यावरच चालू होईल असं बांधायचं. आम्ही पीसी८१७ ऑप्टो (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) वापरतो: ५ व्होल्टवरून १ किलोओहम, ऑप्टोचा एलईडी, मग पिन. पलीकडच्या बाजूला रिलेचा २४ व्होल्टचा सप्लाय वेगळा, ग्राउंडही वेगळा. दोन्ही ग्राउंड 'सोपं जातं' म्हणून एकत्र केले तर ऑप्टो लावून काही साधत नाही. कॉन्टॅक्टरच्या (मोठ्या रिलेच्या) कॉइलवर आरसी स्नबर, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, टाका, नाहीतर कॉन्टॅक्टर सुटताना जो झटका येतो त्याने कंट्रोलर रिसेट होतो आणि दोष प्रोग्रॅमवर येतो.

सगळं असेंब्लीतच लिहा असं मात्र मी सांगणार नाही. दशांश आकड्यांचं गणित, मेनू, लांब स्ट्रिंग, हे असेंब्लीत करणं म्हणजे हौस. पगारी वेळेत आम्हीही सीच लिहितो. फरक एवढाच की कंपाइल झाल्यावर लिस्ट फाइल उघडून बघायची सवय ठेवतो. तुम्हीही सी सुरू कराल तेव्हा तीच ठेवा: एका ओळीची किती असेंब्ली झाली ते बघा. पुढे एआरएम कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपवर गेलात आणि हार्ड फॉल्ट (प्रोग्रॅम अडकवणारी गंभीर चूक) आला, तर प्रोसेसरने स्टॅकवर आठ शब्द ठेवलेले असतात, त्यांत प्रोग्रॅम काउंटरही असतो. तो पत्ता डिसअसेंब्लीत शोधून गुन्हेगार ओळ पकडायची असते. ८०५१वर स्टॅक बोटाने मोजलेल्याला हे चटकन जमतं.

जुन्या कार्डांबद्दल एक गैरसमज काढून टाकतो, कारण तुम्ही लिहिलंय की 'असेंब्ली येत असेल तर जुन्या चिपमधला प्रोग्रॅम काढून बदलता येईल ना?' बहुतेक वेळा नाही. एटी८९एस५२ला तीन लॉक बिट (आतला प्रोग्रॅम वाचू न देणारी कुलपं) असतात आणि बनवणारा ती लावूनच कार्ड बाहेर पाठवतो. वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत अशी कार्डं अजून मशीनवर चालू आहेत, त्यांचा सोर्स कोणापाशी नसतो. तिथे काम असतं ते इनपुट-आउटपुट बघून, ऑपरेटरला चार प्रश्न विचारून, प्रोग्रॅम नव्याने लिहिण्याचं. ऑपरेटरला विचारणं हा त्यातला मोठा भाग, 'हे बटण दोनदा दाबलं की काय होतं' हे डेटाशीटमध्ये नसतं.

किटचं उत्तर: घेऊ नका. ट्रेनर किटवर ईए आधीच जोडलेली, पुल-अप लावलेला, आरडब्ल्यू ग्राउंड केलेली. म्हणजे तुमचा एकही दोष तिथे दिसला नसता आणि तुम्ही एकही गोष्ट शिकला नसता. त्या पैशात दोन एटी८९एस५२, एक यूएसबीएएसपी, चांगला ब्रेडबोर्ड आणि बऱ्यापैकी मल्टिमीटर येऊन पैसे उरतील. बर्न करायच्या तारा पिन ६, ७, ८ आणि ९वर, तेवढ्या कायम जोडून टोकं बाहेर काढून ठेवा. सामान लॅमिंग्टन रोडला घ्या. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नच्या स्लोने ग्रँट रोड. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. क्रिस्टल मागताना '११.०५९२' असं पूर्ण सांगा, नुसतं 'अकराचा' म्हणू नका, आणि भलताच नंबर हातात पडू नये म्हणून चिपवरचा छाप काउंटरवरच वाचा.

घरात आर्डुइनो ऊनो पडलेला असेल तर तोही वाया नाही. त्यातल्या एटीमेगा३२८पीला १६ मेगाहर्ट्झवर एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा, आणि बऱ्याच सूचना एका ठोक्यात होतात. आर्डुइनोच्या 'डिजिटलराइट'ला (पिन हाय-लो करणाऱ्या फंक्शनला) काही मायक्रोसेकंद लागतात, तेच काम असेंब्लीच्या 'एसबीआय'ने दोन ठोक्यांत होतं. पण आधी ८०५१वरचं हे सगळं उरका, दोन चिपांच्या रजिस्टरांची नावं एकाच वेळी डोक्यात घोळवू नका.

कीलच्या फुकट आवृत्तीत २ केबीची मर्यादा आहे, ती अडेल का असंही विचारलंत. तुमचा एलसीडीचा प्रोग्रॅम असेंब्लीत काही शे बाइटचा भरेल. वर्षभर तरी अडणार नाही.